जिमी डूलिटल: धावपट्टीच्या पलीकडे पाहणारा वैमानिक

लढाऊ विमानाचा आवाज कमी कसा करायचा, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर इंजिनापासून सुरू होतं. गाडीला सायलेन्सर असतो, तसं काहीतरी विमानाला बसवा. उत्तर चुकीचं नाही, पण लढाऊ विमानाच्या बाबतीत ते फार पुढे जात नाही. का जात नाही, ते पुढे येईलच. १९५२ साली अमेरिकेत एका माणसाने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला: विमान कसंही असो, त्याच्या खाली काय बांधायचं ते आधी ठरवा.

गंमत म्हणजे हा माणूस नगररचनाकार नव्हता आणि ध्वनिशास्त्रज्ञही नव्हता. आयुष्यभर त्याने विमानं जास्तीत जास्त वेगाने, म्हणजे जास्तीत जास्त आवाज करत उडवली होती. त्याचं नाव जेम्स हॅरॉल्ड डूलिटल. जगाला तो टोकियोवर पहिला हवाई हल्ला करणारा जिमी डूलिटल म्हणून माहीत आहे. मला मात्र त्याच्यातला इंजिनिअर जास्त रंजक वाटतो, म्हणून आज त्याची गोष्ट.

नोम ते एमआयटी

डूलिटलचा जन्म १४ डिसेंबर १८९६चा, कॅलिफोर्नियातल्या अलामेडाचा. वडील सुतारकाम करायचे. सोन्याच्या शोधात ते अलास्कातल्या नोम या गावी गेले आणि छोट्या जिमीचं बालपण तिथल्या थंडीत, दांडगाईत गेलं. अंगाने लहानखुरा असल्यामुळे मारामारी शिकावीच लागली. पुढे तो चांगला मुष्टियोद्धा झाला. १९१० मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या विमान मेळ्यात त्याने पहिल्यांदा विमानं पाहिली. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा कॉलेज अर्धवट सोडून तो सैन्यात भरती झाला. लढाईला जायची संधी मिळाली नाही. देशातच इतरांना विमान शिकवण्यात युद्ध संपलं.

१९२२ मध्ये त्याने फ्लोरिडा ते सॅन दिएगो हे अंतर चोवीस तासांच्या आत, वाटेत फक्त एकदा उतरून पार केलं. अशा कामगिऱ्यांमुळे तो धाडसी वैमानिक म्हणून गाजला. पण त्याचं धाडस कागदावर आकडेमोड करून यायचं. सैन्याने त्याला एमआयटीला पाठवलं. मास्टर्सच्या प्रबंधासाठी त्याने फोकर विमान सूर मारून जोरात वर खेचलं, पंखांचं नुकसान होईपर्यंत. विमानाची रचना किती भार सोसते आणि वैमानिकाच्या डोळ्यांपुढे नेमकी कधी अंधारी येते, हे त्याला मोजायचं होतं. १९२५ मध्ये त्याला विमानशास्त्रात डॉक्टरेट मिळाली. त्या काळी अमेरिकेत ही पदवी असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच होती.

शरीरावर नाही, काट्यावर विश्वास

त्या काळचे वैमानिक अंदाजाने उडवायचे. विमान कलतंय की सरळ आहे, हे आपल्याला बसल्या जागी कळतं अशी त्यांची समजूत होती. उघड्या आकाशात हे चालून जायचं. धुक्यात किंवा ढगात शिरल्यावर कान आणि शरीर फसवतात, आणि विमान गिरक्या घेत खाली जात असतानाही आपण सरळ चाललोय असं वाटत राहतं. कित्येक जण यात मेले.

डूलिटलने गुगनहाइम निधीच्या प्रयोगशाळेत या प्रश्नावर काम केलं. स्पेरी यांचं कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक जायरो, कोल्समन यांचा अचूक उंचीमापक आणि रेडिओ संकेत असा संच जमवला. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर तो बंद छताखाली बसला. बाहेरचं काहीही दिसत नव्हतं. फक्त काटे बघत त्याने उड्डाण केलं, वळसा घातला आणि विमान परत त्याच मैदानावर उतरवलं. पुढच्या आसनावर बेन केल्सी हा दुसरा वैमानिक सावधगिरी म्हणून होता, पण त्याला हात लावावा लागला नाही. आज ढगातून तुमचं विमान मुंबईला निवांत उतरतं, त्याची सुरुवात या पंधरा मिनिटांत आहे.

हा प्रसंग जरा सविस्तर सांगितला, कारण याच माणसाने पुढे आवाजाच्या प्रश्नाला हात घातला तेव्हा विचाराची पद्धत तीच होती. मला काय वाटतं ते बाजूला ठेवायचं आणि मोजून रेषा आखायची.

पेट्रोल, टोकियो, युद्ध

१९३० मध्ये सैन्याची पूर्णवेळ नोकरी सोडून तो शेल कंपनीत गेला. तिथे त्याने शंभर ऑक्टेनच्या विमान पेट्रोलसाठी हट्ट धरला. बाजारात तेव्हा त्याला गिऱ्हाईक जवळपास नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धात हेच इंधन दोस्तांच्या इंजिनांना जास्तीची ताकद देऊन गेलं. दरम्यान शर्यती चालूच होत्या. १९३२ मध्ये जी बी नावाच्या बेभरवशाच्या विमानातून थॉम्पसन ट्रॉफी जिंकली आणि त्याच सुमारास तो शर्यतींतून बाहेर पडला.

१८ एप्रिल १९४२ रोजी हॉर्नेट या विमानवाहू जहाजावरून सोळा बी-२५ बॉम्बर घेऊन तो टोकियोकडे निघाला. इतकी मोठी विमानं जहाजावरून उडवणं हेच एक गणित होतं: वजन किती काढायचं, इंधन किती भरायचं, वारा किती हवा. हल्ला झाला, पण ठरलेल्या ठिकाणी एकही विमान उतरू शकलं नाही. पंधरा विमानं चीनमध्ये किंवा चीनच्या किनाऱ्याजवळ गमावली, एक सोव्हिएत रशियात उतरलं. आपल्यावर खटला भरला जाईल असं डूलिटलला वाटत होतं. प्रत्यक्षात त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. या हल्ल्याची फार मोठी किंमत चिनी गावकऱ्यांनी मोजली. वैमानिकांना आसरा दिला म्हणून जपानी सैन्याने तिथे भयंकर सूड उगवला.

पुढे आफ्रिका, इटली आणि १९४४ पासून इंग्लंडमधलं आठवं हवाई दल. पूर्व इंग्लंडच्या शेतांमध्ये उभारलेल्या डझनावारी धावपट्ट्यांवरून त्याचे शेकडो बॉम्बर निघायचे. युद्ध चालू असताना कुठलाही देश आवाजाची तक्रार बाजूलाच ठेवतो. खरा प्रश्न शांतता आल्यावर सुरू होतो. विमानं तिथेच असतात, नव्हे, आणखी मोठ्या आवाजाची येतात, आणि शेजारी म्हणतात, आता तरी झोपू द्या.

कोंबड्यांचा खटला

डूलिटल युरोपात लढत होता, त्याच वर्षांत हा प्रश्न अमेरिकेत कोर्टात पोचला होता. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहराबाहेर थॉमस कॉझ्बी आणि त्यांची पत्नी यांचा कुक्कुटपालनाचा व्यवसाय होता, जागा तीन एकरांपेक्षाही कमी. शेजारच्या विमानतळावरून १९४२ पासून लष्करी विमानं उडू लागली. उतरताना ती त्यांच्या घराच्या अवघ्या ६७ फुटांवरून जायची. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मरायच्या. अशा दीडशेच्या आसपास मेल्या आणि धंदा बंद करावा लागला. घरातल्यांची झोप उडाली ती वेगळीच.

१९४६ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. जमिनीची मालकी थेट आकाशापर्यंत असते ही जुनी कल्पना विमानाच्या युगात चालणार नाही, असं कोर्टाने मानलं. पण इतक्या खालून आणि इतक्या वेळा विमानं नेली की जमीन वापरताच येत नाही, तर सरकारने ती जमीन घेतल्यासारखंच झालं, आणि घेतली तर मोबदला द्यावा लागेल. याचा व्यवहारातला अर्थ असा की विमानाच्या आवाजाला आता किंमत होती, आणि ती आधी मोजायची की नंतर, एवढंच ठरवायचं बाकी होतं.

एलिझाबेथवर तीन विमानं

नुअर्क विमानतळाला लागून न्यू जर्सीतलं एलिझाबेथ शहर आहे. डिसेंबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या दोन महिन्यांच्या आत या एकाच शहरात तीन प्रवासी विमानं कोसळली. एक मुलींच्या शाळेजवळ पडलं. त्यात अमेरिकेचे माजी युद्धमंत्री रॉबर्ट पॅटरसन गेले. तीन अपघातांत मिळून ११९ माणसं मेली, त्यात आपापल्या घरी असलेले रहिवासीही होते. संतापलेल्या लोकांपुढे नुअर्क विमानतळ बंद ठेवावा लागला.

अध्यक्ष ट्रुमन यांनी फेब्रुवारीतच तीन जणांचा आयोग नेमला. अध्यक्ष डूलिटल. सोबत एमआयटीचे जेरोम हन्साकर आणि नागरी हवाई प्रशासनाचे प्रमुख चार्ल्स हॉर्न. काम असं की विमानतळ कुठे असावेत आणि कसे वापरावेत ते सांगा, नागरी आणि लष्करी दोन्ही वाहतूक लक्षात घेऊन.

आवाजाचा प्रश्न डूलिटलला नवा नव्हता. विमान संशोधन करणाऱ्या एनएसीए या सरकारी संस्थेचा तो १९४८ पासून सदस्य होता. नासा पुढे याच संस्थेतून जन्माला आली. तिच्या क्लीव्हलंडच्या प्रयोगशाळेत १९४९ मध्ये ध्वनीपेक्षा वेगवान वाऱ्याचा बोगदा सुरू झाला आणि आसपासची वस्ती हादरली. शेवटी त्या बोगद्याला इमारतीएवढा सायलेन्सर बांधून द्यावा लागला. एका जागी बसलेल्या बोगद्याला सायलेन्सर लावता येतो. उडत्या जेटला तेवढा कुठून लावणार?

दोन कागद, एकच वर्ष

मे १९५२ मध्ये, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, आयोगाचा अहवाल आला. विमानतळ आणि त्याचे शेजारी, असं त्याचं शीर्षक. त्यातल्या दोन शिफारशी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात.

पहिली: नव्या विमानतळाच्या मुख्य धावपट्टीच्या दोन्ही टोकांना अर्धा मैल लांब आणि १,००० फूट रुंद पट्टा पूर्ण मोकळा ठेवा. तो विमानतळाचाच भाग माना.

दुसरी: त्याच्या पुढे दोन मैल लांब, पंख्यासारखा पसरत जाऊन टोकाला ६,००० फूट रुंद होणारा पट्टा आखा. तिथे इमारतींची उंची तर बांधून द्याच, पण जमिनीचा वापरही बांधून द्या. शाळा, दवाखाने, चर्च अशा गर्दीच्या जागा नकोत, आणि घरं झाली तर लांबच्या टोकाला. हे कायद्याने करा, हवेतल्या वाटेचा हक्क विकत घेऊन करा, नाहीतर सरळ जमीन विकत घ्या.

याखेरीज आवाज कमी पोचेल असे उड्डाणमार्ग आखणं, दाट वस्तीवर लष्करी सराव टाळणं, गर्दीच्या विमानतळांवर लष्करी आणि नागरी उड्डाणं वेगळी करणं, हेही त्यात होतं. निमित्त अपघातांचं होतं, पण आवाज आणि अपघात यांचा नकाशा बऱ्याच अंशी एकच असतो. विमान जिथे सगळ्यात खाली आणि इंजिन जिथे सगळ्यात जोरात, तीच जागा दोन्ही बाबतीत वाईट.

योगायोग असा की १९५२ मध्येच इंग्लंडात दुसरा एक कागद प्रसिद्ध झाला. मँचेस्टर विद्यापीठातल्या जेम्स लाइटहिल या तरुण गणितज्ञाने जेटच्या आवाजाचा सिद्धांत मांडला. जेटचा गडगडाट प्रामुख्याने मागून सुटणारा झोत आणि आजूबाजूची हवा यांच्या घुसळणीतून येतो, आणि त्याची ताकद झोताच्या वेगाच्या आठव्या घातानुसार वाढते. आठवा घात म्हणजे काय, बघा: वेग निम्मा केला तर ध्वनिशक्ती २५६ पटीने कमी, म्हणजे जवळपास २४ डेसिबलने.

प्रवासी विमानांनी या सूत्राचा पुरेपूर फायदा घेतला. खूप हवा, पण हळू ढकलायची. आजच्या टर्बोफॅन इंजिनात गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या दहापटीहून जास्त हवा गाभ्याबाहेरून जाते. म्हणून इंजिनाचं तोंड एवढं मोठं दिसतं. लढाऊ विमानाला असं बोजड तोंड परवडत नाही. ध्वनीच्या वेगापलीकडे जायचं तर बारीक शरीर आणि वेगवान झोत लागतो. तिथे बाहेरून जाणारी हवा बहुधा गाभ्यातल्या हवेपेक्षाही कमी असते, आणि वर आफ्टरबर्नर. आठवा घात इथे उलटा अंगावर येतो. शिवाय १९६९ मध्ये अमेरिकेत नव्या नागरी जेट विमानांना आवाजाचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं, लढाऊ विमानांना ते लागू नाही.

थोडक्यात, लाइटहिलच्या कागदाने प्रवासी विमानं शांत केली. हवाई तळाच्या शेजाऱ्यांच्या वाट्याला मुख्यतः डूलिटलचाच कागद उरला.

सरासरीत हरवलेला आवाज

अहवालाचं पुढे काय झालं? धावपट्टीच्या टोकाशी मोकळा पट्टा राखायची पद्धत त्यातूनच पुढे आली. तळांभोवतीच्या जमिनीसाठी मात्र अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये सलग कार्यक्रम आणला. त्यात दोन नकाशे एकमेकांवर ठेवतात. एक अपघाताच्या शक्यतेचा: मोठ्या धावपट्टीच्या टोकापासून ३,०००, मग ५,००० आणि मग ७,००० फुटांचे तीन पट्टे. बेरीज १५,००० फूट. डूलिटलचे अडीच मैल म्हणजे १३,२०० फूट. वीस वर्षांनी, वेगळी विमानं असताना, आकडा साधारण तिथेच आला.

दुसरा नकाशा आवाजाचा. तो दिवस-रात्र सरासरीवर काढतात. चोवीस तासांतल्या ध्वनिऊर्जेची सरासरी घ्यायची आणि रात्री दहा ते सकाळी सातच्या आवाजाला दहा डेसिबल जास्त धरायचे. म्हणजे रात्रीचं एक उड्डाण दिवसाच्या दहांच्या बरोबरीचं. सरासरी ६५च्या वर गेली की तिथे घरं शक्यतो नकोत.

इथे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भुवया उंचावतात. सर्व्हरच्या प्रतिसादाची सरासरी छान असते आणि तरी शंभरातला एक वापरकर्ता ताटकळतो, म्हणून आम्ही सरासरीसोबत सगळ्यात वाईट एक टक्काही बघतो. आता हिशोब करा. दिवसभरात एकूण फक्त २७ सेकंद १०० डेसिबलचा आवाज आणि बाकी वेळ पूर्ण शांतता, तरी सरासरी येते ६५. आणि वर्दळीच्या रस्त्याची दिवसभराची एकसुरी घरघरही ६५ येऊ शकते. दोन्ही घरं नकाशावर सारखीच. पण पहिल्या घरात बाळ किंचाळून उठतं, वर्गात शिक्षकाचं वाक्य अर्ध्यावर तुटतं. हवाई तळाचा त्रास या पहिल्या प्रकारचा असतो. म्हणून नकाशासोबत इतर उपायही करावे लागतात: शक्य तिथे आफ्टरबर्नरशिवाय उड्डाण, रात्रीच्या वेळांचं बंधन, इंजिनाची जमिनीवरची चाचणी बंदिस्त, आवाज शोषणाऱ्या शेडमध्ये. यातला प्रत्येक उपाय सरावाशी तडजोड करूनच होतो.

उशिराची किंमत

डूलिटलच्या अहवालाची मर्यादाही सांगायला हवी. तो विमानांचा माणूस होता. विमानतळ हटवा, असं तो म्हणणार नव्हता. त्याचे पट्टे नव्या विमानतळांसाठी होते. एलिझाबेथसारख्या ठिकाणी आधीच राहणाऱ्यांना त्यातून थोडंच मिळालं. आणि पट्ट्यात ज्याची जमीन गेली, त्या शेतकऱ्याचा भाव पडतोच. मोबदला दिला नाही तर आवाजाचा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकल्यासारखं होतं.

पण पट्टा वेळेत राखला नाही तर काय होतं, ते व्हर्जिनिया बीचमध्ये दिसतं. तिथला ओशिआना हा नौदलाचा तळ १९४०च्या दशकात शेतजमिनीत आणि दलदलीत सुरू झाला. पुढे शहर कुंपणापर्यंत येऊन भिडलं. २००५ मध्ये तळांचा फेरविचार करणाऱ्या आयोगाने अट घातली: धोक्याच्या पट्ट्यातलं बांधकाम रोखा आणि मालमत्ता विकत घ्यायला लागा, नाहीतर लढाऊ विमानं दुसरीकडे नेऊ. तळ गेला की हजारो नोकऱ्या गेल्या. मग राज्य आणि शहर मिळून जमिनी विकत घेऊ लागले, त्याही वाढलेल्या भावाने. एप्रिल २०१२ मध्ये या तळावरून उडालेलं एक एफ-१८ थेट निवासी इमारतींवर कोसळलं. सुदैवाने कोणी मेलं नाही.

आपल्याकडे काय

डूलिटल १९५६ ते १९५८ एनएसीएचा अध्यक्ष होता, तेही हन्साकर यांच्याच जागी. संस्थेचा तो शेवटचा अध्यक्ष. २७ सप्टेंबर १९९३ रोजी, ९६व्या वर्षी तो गेला. मृत्युलेख अर्थातच टोकियोच्या हल्ल्याभोवती फिरतात. पण माझ्या मते त्या अडीच मैलांच्या पट्ट्याचा संबंध जास्त लोकांच्या रोजच्या जगण्याशी आहे.

आपल्याशीही आहे. पुण्याचं लोहगाव हा हवाई दलाचा सुखोईंचा तळ, आणि प्रवासी विमानंही त्याच धावपट्टीवर. गोव्यात दाबोळीला नौदलाचा हंसा तळ, तिथेही हीच वाटणी. २०२३ पासून मोपामुळे निदान दुसरा नागरी पर्याय तयार झाला. लोहगावच्या आसपास इमारतीच्या उंचीसाठी हवाई दलाचा ना हरकत दाखला लागतो, हे घर शोधणाऱ्यांना माहीत असतं. पण उंचीचा दाखला विमानाच्या सुरक्षेसाठी असतो. आत राहणाऱ्याच्या कानांबद्दल तो काहीच सांगत नाही. डूलिटलने उंची आणि वापर या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मागितल्या होत्या.

तळाजवळ घर बघत असाल तर एक करा. मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडा, धावपट्टीची रेष दोन्ही टोकांना चार-चार किलोमीटर वाढवा आणि टोकाशी ती दोन किलोमीटरच्या आसपास रुंद करा. तुमचं घर, किंवा मुलांची शाळा, त्या पंख्यात येते का ते बघा. येत असेल तर सराव चालू असलेल्या दिवशी तिथे तासभर उभं राहून या, आणि मगच टोकन द्या.